पाय सुजले, गार पडले, चालताना दुखले: हृदयाची आणि रक्तपुरवठ्याची तक्रार घरी कशी ओळखायची

आईची जोडवी बोटांत रुतायला लागली तेव्हा आम्ही साबण लावून ती काढली आणि डबीत ठेवून दिली. उन्हाळ्याचे दिवस होते, दिवसभर पाय खाली सोडून निवडणं-टिपणं चाललेलं, त्यामुळे "वय झालं, पाय सुजायचेच" असं तीही म्हणाली आणि आम्हीही. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या उशाशी एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा झाल्या. आडवं झालं की दम लागतो, असं तिने आपणहून कधी सांगितलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला, आणि तिथे पडलेला खळगा आम्हाला दाखवला. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालं आहे.

तो खळगा आम्हाला घरी दोन महिने आधी दिसू शकला असता. ज्यांनी आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या पायांकडे या नजरेनं कधी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरच्या तपासणीवरून रोगाचं नाव ठरत नाही. पण दवाखान्यात कधी जायचं, किती घाईनं जायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढं नक्की ठरवता येतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

पाऊल हृदयापासून सगळ्यात लांब. धमन्यांतून रक्त तिथवर पोचायला पाहिजे आणि तिथून शिरांमधून परत वर चढायला पाहिजे. वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते शिरा पिळतात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला पुन्हा खाली घसरू देत नाहीत. म्हणून पायाची कुठलीही तक्रार आली की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: रक्त खाली जाताना अडतंय की वर येताना तुंबतंय?

खाली जाताना अडलं तर पाय गार पडतो, फिका दिसतो, चालताना दुखतो, जखम भरत नाही. वर येताना तुंबलं तर पाय सुजतो, जड होतो, कातडी काळपट-तपकिरी पडते. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे. याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न: तक्रार एका पायाला आहे की दोन्ही? आणि कशानं वाढते, कशानं कमी होते?

पहिली पायरी: नीट बघा

दिवसाच्या उजेडात, गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवा. एकच पाय बघून काही कळत नाही, तुलना हवी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोनदा बघितलंत तर उत्तम. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ किती खोल उठलाय, चपलेचा पट्टा रोजच्या भोकात बसतो का, पैंजण फिरतंय का, हे बघा. घरच्या माणसाला हे रोज दिसतं, पण डॉक्टरांना कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग रंग. एक बोट निळसर किंवा जांभळं आहे का? नडगीवरचे केस एकाच पायावरून गेलेत का? कातडी तुकतुकीत, ताणल्यासारखी, कागदासारखी पातळ झाली आहे का? केस जाणं वयानंही होतं, त्यामुळे एकट्या त्या खुणेवर घाबरू नका. केस गेलेत, पाय गार आहे आणि चालताना पोटरी दुखते, असं एकत्र दिसलं तर मात्र ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बोटांच्या बेचक्या उघडून बघा, तळव्याखाली आरसा धरून टाच बघा.

दुसरी पायरी: दाबून बघा

घोट्याच्या वर चार बोटं अंतरावर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवा आणि सावकाश दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरा. अंगठा उचलल्यावर त्यावरून बोट फिरवा. नुसत्या नजरेला न दिसणारा खळगा बोटाला लागतो. खळगा पडून तो भरायला वेळ लागला, तर तिथे पाणी साठलं आहे. जो माणूस दिवसभर अंथरुणातच असतो, त्याच्या पायापेक्षा माकडहाडाजवळ, कंबरेच्या खाली दाबून बघा, कारण पाणी उताराकडे जातं.

*दोन्ही पाय सुजले असतील तर* हृदय हे एक कारण आहे, एकमेव नाही. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातली कमी झालेली प्रथिनं, गरोदरपण, यातल्या कशानंही दोन्ही पाय सुजतात. बीपीसाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी अनेकांचे घोटे सुजवते. तसं असेल तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, आपण होऊन बंद करायची नाही. चेहरा आणि डोळ्यांभोवती सकाळी सूज, लघवीला फेस, असं असेल तर मूत्रपिंडाकडे संशय जातो.

हृदयाचा संशय बळावतो तो सोबतच्या गोष्टींनी. जिना चढताना पूर्वी न लागणारा दम. उशा वाढवाव्या लागणं. झोपल्यावर एक-दोन तासांनी गुदमरून उठून बसणं, खिडकीशी जाणं. रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागणं. हे शेवटचं लोक मधुमेहावर किंवा प्रोस्टेटवर ढकलतात. पण दिवसभर पायात साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की परत रक्तात शिरतं, आणि ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अशक्त हृदयाला तो वाढीव भार पेलला नाही तर फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो. म्हणून "सकाळी सूज उतरते, म्हणजे काही नाही" हा समज धोक्याचा आहे. सुरुवातीला हृदयाची सूजही सकाळी उतरते.

इथे वजनकाटा फार कामाचा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. ज्यांचं हृदयाचं निदान झालेलं आहे त्यांनी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आईच्या बाबतीत लोणचं-पापड-फरसाण बंद होण्यापेक्षा हे कॅलेंडर जास्त उपयोगी पडलं, असं मला वाटतं. अर्थात मीठही सांभाळावंच लागतं. निरोगी माणसालाही दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ पुरतं.

*एकच पाय सुजला असेल तर* वागण्याची रीत वेगळी. अचानक, एक-दोन दिवसांत एका पायाची पोटरी फुगली, टणक झाली, दुखते, हाताला गरम लागते, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता धरून चालायचं. शिवणकामाची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली जे हाडाचं टेंगूळ लागतं त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दवाखाना. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, प्लॅस्टर, बाळंतपण, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, न उठता केलेला लांबचा प्रवास, यातलं काही नुकतंच झालेलं असेल तर संशय आणखी पक्का.

अशा पायाला मालिश करायची नाही. आपल्याकडे पाय दुखला की तेलाची वाटी पुढे येते, आणि ती मायेनंच येते. पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. बाळंतिणीच्या घरात तर हे आवर्जून सांगा, कारण बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका जास्त असतो आणि नेमकी त्याच काळात रोज मालिश चालू असते. दोन्ही पाय सारखे असतील तर हरकत नाही. एक सुजलेला असेल तर आधी कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), मग बाकीचं.

एक पाय सुजण्याची सगळीच कारणं रक्ताभिसरणाची नसतात. लाल, तापलेला पाय आणि अंगात ताप असेल तर कातडीखालचा जंतुसंसर्ग असतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागात हत्तीपाय हेही कारण लक्षात ठेवावं लागतं. त्याचे जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं त्यासाठी रात्री रक्त घेतात.

तिसरी पायरी: हात लावा, नाडी शोधा

हाताची पालथी बाजू गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत फिरवत न्या. थंडीत दोन्ही पावलं गार असणं स्वाभाविक आहे. मात्र एका पायाला मध्येच कुठेतरी उबदारपणा संपून गारवा सुरू होत असेल आणि दुसऱ्याला तसं नसेल, तर नोंद करा.

आता नाडी. पावलात ती दोन ठिकाणी लागते. एक, पावलाच्या वरच्या बाजूला. पायाचा अंगठा वर ओढा, एक दोरी उठून दिसेल. त्या दोरीला लागून, करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मधोमध तीन बोटं अलगद ठेवा. दोन, आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेची जाड दोरी (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) यांच्यामधल्या खाचेत. आपला अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. जोरातही दाबू नका, दाबली की ती बंद होते. पहिल्या दिवशी बहुतेकांना काहीच लागत नाही. आधी घरातल्या एखाद्या तरण्या पोराच्या पायावर सराव करा.

पावलावरची नाडी काही निरोगी माणसांत जन्मतःच लागत नाही. म्हणून घोट्यामागची नाडी जास्त महत्त्वाची. सूज असेल तर दोन्ही सापडायला कठीण. सरावानंतरही एका पायाला लागते आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर डॉक्टरांना सांगा. आणि नाडी धरलीच आहे तर तिची लय बघा. कधी भरभर, कधी थांबून, ताल नसल्यासारखी लागत असेल तर मनगटावरही तपासा आणि ईसीजी काढून घ्या. अशा बेताल हृदयात गुठळी तयार होऊन ती मेंदूत किंवा पायाच्या धमनीत जाऊन अडकू शकते.

चौथी पायरी: चालवून बघा

माझे एक काका रोज संध्याकाळी भाजीला जायचे. पुढे पुढे ते कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी थांबायला लागले. कधी चपलेतला खडा काढायचे, कधी पारावर कोण बसलंय ते बघायचे. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू. दर वेळी तोच पिंपळ. काकूच्या लक्षात आलं की गप्पांसाठी थांबायचं असतं तर माणूस पारावर बसला असता. हे उभ्या उभ्याच पोटरी चोळायचे.

पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं हे ठरलेलं चित्र आहे. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, आवळल्यासारखं होतं. नुसतं उभं राहिलं की काही मिनिटांत जातं, आणि तेवढंच चाललं की परत येतं. स्नायूला चालताना जास्त रक्त लागतं, अरुंद धमनी ते पुरवू शकत नाही. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८५८ साली एका रुग्णात हे बारकाईनं नोंदवलं होतं.

कंबरेच्या मणक्यात नस दबली तरीही चालताना पाय दुखतात. फरक असा की त्या माणसाला नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रात्री झोपेत अवचित पोटरीत येणारा गोळा बहुतेक वेळा धमनीचा नसतो. पण रात्री पाऊल ठणकून जाग येत असेल आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की आराम पडत असेल, तर तो धमनीचाच, पुढच्या टप्प्याला गेलेला आजार आहे. खाली सोडल्यावर रक्त उताराने पोचतं, म्हणून बरं वाटतं. अशा माणसाला आठवडाभरही थांबवू नका.

शंका असेल तर आणखी एक करून बघता येतं. माणसाला उताणं झोपवून दोन्ही पाय मिनिट-दोन मिनिटं वर उचलून धरा. अडलेल्या पायाचा तळवा पांढराफटक पडतो. मग पाय पलंगाखाली सोडायला सांगा. तोच पाय हळूहळू गडद लाल होत जातो. पायाला जखम किंवा जास्त वेदना असेल तर हे घरी करू नका.

आणि हे पायावरच थांबत नाही. जी चरबी पायाच्या धमन्यांत साचली, तीच हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही साचत असते. काकांच्या पायासाठी गेलो आणि हृदयाची तपासणीही त्याच आठवड्यात झाली. त्यांना एक गोळी रक्त पातळ करण्याची, एक कोलेस्टेरॉलची, आणि चालण्याचा व्यायाम दिला. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. दुखतं म्हणून चालणं बंद करणं हा उलटा उपाय होता, हे तेव्हा कळलं. (पायाला जखम असलेल्यांनी मात्र हा व्यायाम विचारल्याशिवाय करू नये.)

मधुमेह असेल तर वरचं सगळं अर्धंच लागू पडतं

मधुमेहात पायाच्या संवेदना जातात. धमनी अडली तरी दुखत नाही, खिळा घुसला तरी कळत नाही. आषाढीच्या वारीला आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे, भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणारे, यांच्यात अनेक मधुमेही असतात. फरशीनं तळवा भाजल्याचं त्यांना रात्री फोड दिसल्यावर कळतं. श्रद्धा आपल्या जागी आहे, पण ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी सकाळी लवकर दर्शन घ्यावं आणि रोज रात्री दुसऱ्या कुणाकडून तळवे बघून घ्यावेत. गरम पाण्याची पिशवी, शेक, ब्लेडनं कुरूप कापणं, हे तिन्ही या पायांना वर्ज्य. छोटी जखम आठवड्यात भरायला लागली नाही तर दाखवा.

तंबाखूबद्दल

पस्तिशी-चाळिशीतल्या पुरुषाच्या पायाचं बोट काळं पडतं, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही, आणि खिशात बिडीचं बंडल. हा बर्गर यांचा आजार. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचं वर्णन केलं, आणि भारतात तो आजही बराच दिसतो. यात लहान धमन्या सुजून बंद होतात. औषधं आहेत, पण तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय आजार थांबत नाही. दिवसाला एक बिडी हीसुद्धा "कमी" धरता येत नाही, आणि मळलेली तंबाखू किंवा मशेरी ही सुरक्षित पळवाट नाही. ज्यांनी वेळेवर सोडली त्यांचे पाय बहुतेक वेळा वाचतात.

शिरांचा फुगवटा

वाहतूक पोलीस, शिक्षक, केश कापणारे, हॉटेलात भट्टीशी उभे असणारे, यांच्या पोटरीवर हिरव्या-निळ्या वळवळीत शिरा उठतात. यात झडपा ढिल्या पडलेल्या असतात, हृदयाचा दोष नसतो. आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी होऊन खाजायला लागली की व्रण पडायच्या आत दाखवा. घट्ट मोजे विकत आणून परस्पर घालू नका. धमनी अडलेली असेल तर ते मोजे उरलासुरला पुरवठाही बंद करतात. आधी नाडी तपासून घ्यायची, मग मोजे.

क्वचित दिसणाऱ्या, पण दिसल्या तर सोडू नयेत अशा खुणा

टाचेच्या वरच्या जाड दोरीवर घट्ट गाठी आल्या, दोरी आणखी जाड झाली, तर कोलेस्टेरॉल तपासा. काही घराण्यांत ते जन्मापासूनच खूप जास्त असतं, आणि तरुणपणी हृदयविकार येतो. मुलाच्या पायाची बोटं निळी आणि नखं फुगीर, पण हातांची बोटं गुलाबी, असं असेल तर ती जन्मजात हृदयदोषाची खूण असू शकते. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्याला बरेच दिवस ताप येतोय आणि तळव्यावर न दुखणारे लाल डाग उठलेत, तर हृदयात जंतुसंसर्ग झाला नाही ना, हे बघावं लागतं.

केव्हा १०८ ला फोन करायचा

पाय अचानक दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, मुंग्या येऊन बधिर झाला, बोटं हलेनात, तर धमनी एकदम बंद झाली आहे. साधारण सहा तासांत रक्त परत सुरू झालं नाही तर पाय वाचणं अवघड होत जातं. रात्र असो, सण असो, थांबू नका. शेकू नका, चोळू नका, पाय उंच ठेवू नका. एका पायाची सूज आणि सोबत अचानक दम, छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर आली, तरीही १०८. पाय सुजलेत आणि बसूनही श्वास पुरत नाही, तरीही १०८.

दवाखान्यात जाताना

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन पुरतात. सुजेसाठी ते बहुधा लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, ईसीजी आणि टूडी इको सांगतील. धमनीसाठी घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन त्यांचं प्रमाण काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर धमनी अरुंद आहे. मधुमेहात कडक झालेल्या धमन्यांमुळे हा आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो, म्हणून पुढे डॉप्लर करतात. शेजाऱ्यांची लघवीची गोळी आणून सूज उतरवून जाऊ नका. क्षार बिघडतात आणि खरं कारण लपतं.

चालू गोळ्यांच्या पट्ट्या, वजनाचं कॅलेंडर आणि संध्याकाळी मोबाइलवर काढलेला पायांचा फोटो बरोबर न्या, कारण सकाळच्या अपॉइंटमेंटला सूज उतरलेली असू शकते. किती पावलं चालल्यावर दुखतं, किती उशा लागतात, हे आकड्यात सांगा. आणि खुर्चीत बसलात की कुणी म्हणायच्या आधी दोन्ही पायांतले मोजे काढा, सलवार किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या, साडी असेल तर नडगी दिसेल एवढी सरकवा. आईच्या पहिल्या दोन तपासण्यांत तिच्या पायात मोजे तसेच होते.